फोन दर्यावर गेलाय

शैलेश सरांच्या हजेरीपटात त्या वर्षी माझ्या नावापुढे सत्त्याण्णव वेळा ‘गैरहजर’ लिहिलेलं होतं. मी आजारी नव्हते, आळशी तर अजिबात नव्हते, आणि कुणाच्या लग्नाला गेले म्हणावं तर त्या वर्षी लग्नंही धड होत नव्हती. आमच्या घरात एकच चांगला फोन होता आणि तो बाबांबरोबर दर्यावर जायचा, एवढंच कारण. हे मी सरांना निदान वीस वेळा सांगितलं असेल. दर वेळी ते म्हणायचे, “उन्नती, रोज रोज फोन समुद्रावर कसा जातो?” रोज जात नाही, हेच तर मी सांगत होते. पण ऐकायला कान लागतात, नुसते इअरफोन लावून भागत नाही.

मी दहावीत होते आणि करोनामुळे शाळेला कुलूप होतं. आमचा पाडा शिरगावच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. सर बोईसरला फ्लॅटमध्ये राहायचे आणि तिथूनच रोज दहा ते एक तास घ्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मराठीच्या बाईंनी आठवीत शिकवलं होतं. प्रत्यक्ष बघायला मिळालं ते त्या वर्षी.

आता फोन कधी जातो आणि कधी राहतो, ते सांगते. आमच्याकडे तारखेपेक्षा तिथी मोठी. पुनव आणि अमावस्येच्या आगेमागे दर्याला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी येते. तेव्हा सगळ्या होड्या बाहेर. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाणी मंद, मासळी नाही, होड्या खाडीत. बाबांच्या फोनमध्ये जाळी ज्यांना बांधतात त्या खुंटांच्या जागा साठवलेल्या होत्या, कारण खुंट पाण्याखाली असतात आणि मधल्या एका वादळात वरच्या खुणांचे डबे वाहून गेले होते. फोनशिवाय होडी म्हणजे आंधळ्याची काठी हरवलेली. त्यामुळे भांगाचे पाच-सहा दिवस मी वर्गात हजर आणि उधाणाचे आठ-नऊ दिवस गैरहजर. पाड्यातल्या दहावीच्या आम्हा सातही पोरांची हीच गत होती. शेजारपाजारचा फोन मागावा तर तोही दर्यावरच असायचा.

त्यात सरांनी एक नियम काढला. वर्गातली काही हुशार मंडळी एकमेकांची हजेरी लावत होती, म्हणून सरांनी जाहीर केलं की शाळेत नोंदवलेल्या नंबरवरूनच हजेरी धरली जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

तरी मी वर्षभर रेटलं. भांगाच्या दिवसांत उधाणाचा अभ्यास भरून काढायचा, हे गणित मला जमलं होतं. आणि मग एप्रिलमध्ये सरकारनं दहावीची परीक्षाच रद्द केली.

सगळी पोरं नाचली. मी नाही नाचले. लेखी परीक्षा असती तर पेपर माझ्या हातात होता, पेपरला नेटवर्क लागत नाही. आता मार्क शाळा देणार होती, आणि शाळा म्हणजे शैलेश सर. सरांनी सांगितलं की विज्ञानाची तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर होईल, नोंदवलेल्या नंबरवर, रोल नंबरप्रमाणे, एकदाच. ज्याचा फोन लागला नाही त्याला शून्य. माझी आधीचीच हजेरी बघता शून्य मिळालं असतं तर विज्ञान गेलंच म्हणायचं. मला पालघरला सायन्सला जायचं होतं. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “यंदा सुटलीस तर पालगरला घालतो. वर्ष गेलं तर मंग दुसऱ्यांदा नाय.” बाबा दुष्ट नव्हते. ते एकदा बोलले की तेवढंच धरून बसायचे.

परीक्षेची तारीख आली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये बघितलं. चैत्र वद्य त्रयोदशी, म्हणजे अमावस्येच्या दोन दिवस आधी. साडेनऊ-दहाला खाडीत पाणी भरणार, होड्या सुटणार आणि अकराला सर फोन लावणार.

तारीख कळली त्या दिवशी भांग सरत आला होता, फोन घरी होता. मी वर्षभराच्या गैरहजेरीच्या तारखा आणि त्यांच्या तिथी वहीच्या दोन पानांवर समोरासमोर लिहिल्या, फोटो काढून सरांना पाठवला आणि फोन लावला.

“सर, बघितलंत? सगळ्या गैरहजेऱ्या उधाणाच्या आहेत. एकही अष्टमीची नाही.”

“मेहनत केली आहेस,” सर म्हणाले. “एवढी अभ्यासावर केली असतीस तर?”

“तोंडी परीक्षा अष्टमीला घ्या ना सर. आमची सातही जणांची.”

सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. “म्हणजे शाळेनं आता भरती-ओहोटी बघून परीक्षा घ्यायची?”

“हो.”

“हे बघ, मला यादी शनिवारी संध्याकाळी वर द्यायची आहे. शुक्रवार आणि शनिवार, दोनच दिवस आहेत माझ्याकडे.”

“मग मी सायकलवर बोईसरला येते. तुमच्या गेटबाहेर उभी राहून उत्तरं देते.”

“सोसायटीत बाहेरच्यांना बंदी आहे. आणि बाळा, नियम सगळ्यांना सारखा.”

बाळा म्हणाले, त्याचा मला जास्त राग आला. नियम सगळ्यांना सारखा असतो, समुद्र सगळ्यांच्या दारात नसतो. हे तेव्हा सुचलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, “शुक्रवारी फोन ठेवून जा.”

“खुंट कुटं हाय ते काय तुजा सर सांगनार?” बाबा म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“मग मला घेऊन जा.”

बाबांचा घास हातातच राहिला. आमच्या पाड्यात बाईमाणूस मासळी निवडतं, वाळवतं, टोपलीत भरून पालघरच्या बाजारात विकतं, होडीची पूजाही करतं. पण जाळी भरलेल्या होडीवर पाय ठेवत नाही. सातातले दोघे पोरगे बापाबरोबर होडीवर जाऊ शकत होते, अडणार होतो त्या आम्ही पाच पोरी. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायचं नाही. बाईचा पाय लागला की जाळं रितं येतं म्हणतात. बाबांची जाळी आजवर शंभरदा रिती आली होती, तेव्हा तिथे कुठली बाई होती कोण जाणे.

“पंढरीआजा काय बोलंल?” बाबा एवढंच म्हणाले.

पंढरीआजा म्हणजे पाड्यातले सगळ्यात जुने तांडेल, होडी चालवणाऱ्यांतले म्होरके. त्यांची स्वतःची होडी, त्यांची जाळी आमच्या जाळ्यांना लागून, आणि त्यांचा शब्द सगळ्या होड्यांवर चालायचा. त्यांची नात स्नेहल माझ्याच वर्गात, माझ्या पाठचाच रोल नंबर. मी एकतीस, ती बत्तीस. तिच्या घरातला फोन आजांच्या कमरेला. तिनं आजांकडे होडीवर नेण्याचा विषय काढला होता, तेव्हा आजांनी नुसती बिडी पेटवली होती.

माझी आई मंजुळा बाजारात दिवसभर बोलते, त्यामुळे घरी शब्द जपून वापरते. ती म्हणाली, “जेवा आता. भात निवतो.”

शुक्रवारी सकाळी मी शाळेचा गणवेश घातला. दप्तर घेतलं, त्यात पुस्तक नाही, फक्त पाण्याची बाटली आणि ओळखपत्र. खाडीवर गेले तेव्हा पाणी होड्यांच्या पोटाला लागलं होतं. बाबा होडीवर होते. मी चिखलात उतरले, चपला हातात घेतल्या आणि होडीच्या कडेला हात लावला.

“पोरी, हात काड.”

पंढरीआजा शेजारच्या होडीवर सुकाणूशी उभे होते. आवाज चढवला नव्हता. त्यांना कधी चढवावा लागला नव्हता.

“परीक्षा आहे आजा,” मी म्हटलं. “फोन जिथं, तिथं मी.”

“आज तू चडशील, उद्या समदा पाडा चडंल. रामा, पोरीला खाली कर.”

बाबा माझ्याकडे बघत होते आणि आजांकडेही बघत होते. एका माणसाला दोन माना असत्या तर बाबांनी त्या दिवशी दोन्ही खाली घातल्या असत्या. खलाशी थांबले. सगळ्या होड्या थांबल्या. पाणी मात्र कुणासाठी थांबत नव्हतं, चढत होतं. काठावर स्नेहल उभी होती, तीही गणवेशात. तिनं वेणीसुद्धा घातली होती. कुणी बोलावलं नव्हतं तरी आली होती.

मला रडू येत होतं आणि रडले असते तर सगळं संपलं असतं. मी होडीची कड सोडली नाही.

मग मागून आई आली. बाजाराला निघालेली, डोक्यावर टोपली. टोपली न उतरवताच ती चिखलात शिरली.

“पंढरीमामा,” ती म्हणाली, “ही होडी कोनाची?”

“रामाची.”

“कागद काडू? महिलांची सबशिडी होती तवा तुमीच नं बोलले, मंजुळाच्या नावानं कर? मंग केली माज्या नावानं. आठ वर्सं झाली. मी कदी पाय नाय ठेवला. माजी होडी, माजी पोर. नको म्हनायचं तं मी म्हनंन.”

आजांना नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं, ते तोंडावर दिसलं. पण कागदाचं खरं होतं आणि सल्ला त्यांचाच होता.

“आनि जाळं रितं आलं तं?” ते शेवटी म्हणाले.

“आलं तं आलं. मी विकायला बसते, मला ठाव हाय रितं जाळं कसं असतं.” मग ती बाबांकडे वळली. “हात द्या तिला. पानी बगा किती चडलं.”

बाबांनी हात दिला. मी वर गेले. आईनं मागे वळूनही बघितलं नाही, तिला बाजार गाठायचा होता.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना होडी अशी उडाली की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते काही खाण्याचं नव्हतं. बाबा म्हणाले, “लांब बग, जवल बगू नको.” मी लांब बघितलं. उत्तरेला तारापूरची चिमणी, इकडे शिरगावचं सुरूचं बन, बुटकं झालेलं. पंधरा वर्षं ज्या पाण्याच्या काठावर राहिले ते आतून कसं दिसतं, ते मला ठाऊक नव्हतं. त्याचाही राग आला मला, आणि आनंदही झाला, दोन्ही खरं.

अकराच्या सुमाराला आम्ही जाळ्यांवर पोहोचलो. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ थबकतं, ना आत ना बाहेर. तेवढ्यातच जाळं ओढायचं. एकदा ओहोटी सुरू झाली की माणसांच्या बापाला ते हलत नाही. इंजिनं बंद झाली. आमच्यापासून वीस-पंचवीस हातांवर पंढरीआजांची होडी. दोन्हीकडचे खलाशी दोराला लागले, आणि बाबांनी फोन माझ्या हातात दिला. नेटवर्क पाड्यापेक्षा बरं होतं, कारण मध्ये झाड नाही की भिंत नाही.

अकरा वीसला फोन वाजला. स्क्रीनवर सर, पाठीमागे पुस्तकांचं कपाट.

“रोल नंबर एकतीस. उन्नती. अरे, कुठे आहेस तू?”

“होडीवर, सर.”

“होडीवर?” त्यांनी चष्मा सारखा केला. “पाठीमागे एवढा आवाज कसला? शांत जागी जाऊन बस.”

“शांत जागा नाही, सर. जाळं ओढतायत. ते थांबवता येत नाही.”

“मग परीक्षा कशी घ्यायची?”

“तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होतात तेव्हा आम्ही शिकतोच ना, सर. विचारा.”

सरांनी समोरची यादी पुढे ओढली. मला वाटलं, गेलं आता. मग त्यांनी विचारलं, “क्षरण म्हणजे काय? आणि ते रोखण्याचे उपाय सांग.”

मी व्याख्या सांगितली, पुस्तकातली, शब्दाला शब्द. रंग, तेल, ग्रीस, जस्ताचा थर, कथिलाचा थर. “आणि खाऱ्या पाण्यात ते लवकर होतं, सर. आमच्या इंजिनाची साखळी दर वर्षी बदलतो.”

“पुस्तकातलंच सांग.”

“ते आधी सांगितलं, सर. हे वरचं आहे.”

तेवढ्यात खलाशी ओरडले, “घे, घे, अजून घे!” आणि सरांच्या कपाळाला आठी पडली. “कोण सांगतंय तुला? कॅमेरा फिरव. पूर्ण फिरव.”

मी उठून उभी राहिले. पाय फाकवून, बाबा राहतात तशी. मी फोन गोल फिरवला. पाणी, पाणी, चार माणसं दोराला लोंबकळलेली, बाबांची घामानं भिजलेली पाठ, शेजारची होडी, पुन्हा पाणी. कुणाकडे पुस्तक नव्हतं. बहुतेकांना ते वाचताही आलं नसतं.

पुढचे प्रश्न सरांनी हळू आवाजात विचारले. भिंगाचा एक मला आला नाही. बाकीचे आले. मोठ्यानं सांगत होते, वाऱ्यावर मात करायची म्हणून. शेवटी शेवटी तर मी ओरडतच होते, आणि ओरडायला बरं वाटत होतं. सत्त्याण्णव दिवस साठलेलं होतं ते.

“सतरा,” सर म्हणाले. “वीसपैकी. चांगले आहेत. ठेव आता, बत्तीस नंबरला लावायचाय.”

“सर, तिचा फोन इथेच शेजारच्या होडीवर आहे. ती काठावर उभी आहे. तेहतीस, छत्तीस, अडतीस या पोरींचेही फोन समुद्रात आहेत. तुम्ही शून्य लिहाल.”

“उन्नती, तुझं झालंय ना?”

“माझं झालं म्हणूनच सांगते.”

“तुझे मार्क अजून पेननं लिहिलेले नाहीत मी,” सर म्हणाले. रागावले होते.

सतरा मार्क. पालघर. आईनं पाड्यासमोर माझ्यासाठी उघडलेलं तोंड. मी म्हटलं, “मग पेन्सिलनंच राहू द्या, सर. पण त्यांना एक तारीख द्या.”

सरांनी फोन कापला.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. दोर सोडता येत नव्हता, म्हणून मानेनंच मला खाली बस म्हणाले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “बोललीस तं बोललीस. आता रडू नको.”

आणि शेजारच्या होडीवर फोन वाजायला लागला. पंढरीआजांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज देवळातल्या घंटेएवढा. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा वाजला. दोराला लागलेले दोन्ही होड्यांवरचे खलाशी तिकडे बघायला लागले. आजा सुकाणूशी उभे, हात मोकळे, आणि तरी ते फोनकडे नुसते बघत होते. कोणाचा आहे ते त्यांना कळलं होतं. माझं आणि सरांचं सगळं बोलणं पाण्यावरून त्यांच्यापर्यंत गेलेलंच होतं.

त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि फोन तोंडासमोर धरला.

“रोल नंबर बत्तीस, स्नेहल,” सरांचा आवाज आम्हालाही ऐकू आला. मग एकदम, “कोण आपण? स्नेहल कुठे आहे?”

“मी तिचा आजा. ती घरी हाय.”

“मग तिला फोन द्या.”

“कसा देऊ? मी दर्यात हाय.”

“आजोबा, मग मला तिला गैरहजर लिहावं लागेल.”

पंढरीआजांनी काठाच्या दिशेला बघितलं. एवढ्या लांबून काही दिसत नव्हतं.

“लिवा,” ते म्हणाले. “पन तिच्या नावापुडं नको. माज्या नावापुडं लिवा. पोर सकाली गनवेश घालून काठावर हुबी होती, मी डोल्यानं बगितली. ती हजर होती. मी नाय घेतली तिला. गैरहजर मी.”

जाळं वर येत होतं आणि कुणी ओरडत नव्हतं. पहिल्यांदाच मुकाट्यानं ओढत होते.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “यादी मला उद्या संध्याकाळी द्यायचीच आहे, आजोबा. माझ्या हातात उद्याचाच दिवस आहे.”

“उद्या चौदस,” आजा म्हणाले. “पानी बारा वाजता थांबंल. तवा लावा.”

“राहिलेल्या चौघींना बाराला लावतो. स्नेहल कुठे असेल?”

“हितं,” पंढरीआजा म्हणाले आणि आपल्या पायाखालच्या फळीकडे कॅमेरा धरला.

शनिवारी आमच्या खाडीतून नऊ होड्या सुटल्या. त्यातल्या चार होड्यांवर गणवेशातल्या पोरी होत्या, आणि सगळ्यात पुढची होडी पंढरीआजांची होती.